ओरिनचा शेवटचा डबा

१४ ऑगस्ट २०१९, बुधवार

डेल्मर, ओरिनचा शिकारीतला जुना जोडीदार, आज पुन्हा आला. ओरिनला जाऊन पाच आठवडे झाले आणि ही त्याची चौथी फेरी. दर वेळी हातात काहीतरी असतं. आज रानचेरीचा मुरंबा होता. तो ठेवायच्या आधीच विचारलं, "गॅरेजची किल्ली देतेस का जरा? ओरिनच्या टेबलावर थोडी आवराआवर करीन म्हणतो."

"आवरण्यासारखं काही नाही तिथे."

"अगं, दारूच्या बरण्या तशाच पडल्या असतील. उंदीर लागतील."

बंदुकीच्या दारूला उंदीर लागल्याचं छत्तीस वर्षांच्या संसारात मी ऐकलेलं नाही. तरी किल्ली दिली. नाही म्हणायला मला नेहमीच उशीर होतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिले. तासाभराने तो दोन बरण्या घेऊन बाहेर आला आणि मागच्या गवतावर त्या भुरभुरत फिरला. जुनी दारू गवताला खत म्हणून घालतात, हे इथे सगळेच करतात. पण त्या बरण्या जुन्या नव्हत्या. एक तर ओरिनने याच वर्षी आणलेली.

तो गेल्यावर आत जाऊन पाहिलं. काडतुसांच्या फळीवर धुळीत दोन स्वच्छ चौकोन होते. दोन डबे गेले होते. मला विचारलं असतं तर दिले नसते का?

१७ ऑगस्ट, शनिवार

गॅरेजचं कुलूप बदललं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज प्रथमच ओरिनच्या टेबलापाशी नीट बसले. काडतुसं घरीच भरायच्या दोन प्रेस आहेत. एक जुनी, ओतीव लोखंडाची, त्याच्या वडिलांची. तिच्यात एका वेळी एकच काम होतं. दांडा खाली ओढायचा, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पूर्वीच्या मापात येते. मग सगळ्या पुंगळ्यांना बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या बसवायच्या, मग एकेकीत दारू, मग एकेकीवर गोळी. वीस काडतुसांना अख्खी दुपार जायची. दुसरी पाचघरी, एकाच तबकडीवर पाच घरं आणि प्रत्येक घरात एक काम, दोन हिवाळ्यांपूर्वी आणलेली. तिच्यावर मापटं बसवलेलं असतं, त्यात वरून दारू भरून ठेवली की दांड्याच्या प्रत्येक खेपेला तबकडी फिरते आणि एक तयार काडतूस खाली पडतं.

ही आणली तेव्हा मी विचारलं होतं, एवढी घाई कशाची? म्हणाला, "चिमटीने दारू ओतताना सांडते गं हल्ली." हात थरथरायचे. वय झालं की होतं.

त्याची वही चाळली. कोणत्या तारखेला कुठली दारू, किती वजन, कुठली गोळी, शेवटी 'ओ. एल.' ही सही आणि बरोबरची खूण. तेहतीस वर्षं मी जमीन नोंदणीच्या कचेरीत काढली, दस्तऐवजांमधली खाडाखोड शोधण्यात. त्यामुळे जे दिसलं ते दिसलंच. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून वहीत दोन हस्ताक्षरं आहेत. ओरिनच्या आकड्यावर काट मारून शेजारी दुसऱ्या शाईने दुसरा आकडा. एका ठिकाणी तर पूर्ण ओळ खोडलेली. ते दुसरं अक्षर डेल्मरचं आहे. नाताळाच्या कार्डांवर मी ते तीस वर्षं पाहत आले.

माझ्या नवऱ्याच्या वहीत हा माणूस फेरफार करत होता. कशासाठी?

एका पानावर ओरिनने तोच दिवस, तीच नोंद, तीन वेळा लिहिली आहे. डोक्यावर काहीतरी ताण असणार. डेल्मरशीच काही बिनसलं होतं की काय?

१ सप्टेंबर, रविवार

मॅरिट काल दुपारी आली, उद्याची सुट्टी धरून. इस्पितळातल्या पाळ्यांनी डोळ्यांखाली काळं आलंय. ओरिनची रायफल तिने टेबलावर आडवी ठेवली आणि बराच वेळ नुसती पुसत बसली. या घरात रडायचं ते असंच.

मग म्हणाली, "आई, बाबांचा शेवटचा डबा कुठला?"

आमच्या शिकारी क्लबात रिवाज आहे. गेलेल्या माणसाने भरलेला शेवटचा डबा त्याच्या घरचं माणूस मोसमाच्या पहिल्या दिवशी घेऊन निघतं. खरं तर दुसऱ्याच्या हातची काडतुसं झाडायची नाहीत, हा इथे मुलांना शिकवला जाणारा पहिला नियम. ओरिनपुरता तो कुणी पाळत नसे. सगळे म्हणत, बँकेवर नाही पण ओरिनच्या डब्यावर विश्वास ठेवावा.

तारखा बघून शेवटचा डबा मी काढून दिला. झाकणावर त्याच्या अक्षरात ११ फेब्रुवारी, वीस काडतुसं, ओ. एल., बरोबरची खूण. मॅरिटने खुणेवरून अंगठा फिरवला.

"बरं झालं, वाचला," मी म्हटलं. "डेल्मरने दोन पळवले. डोळा आहे त्याचा या सगळ्यावर."

"डेल्मरकाकांचा?"

"जुनी प्रेस हवी असेल त्याला. म्हणून कुलूप बदललं."

"काय माणसं असतात," मॅरिट म्हणाली आणि डबा आपल्या पिशवीत अगदी खाली ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

९ सप्टेंबर, सोमवार

काडतुसं भरायला शिकायचं ठरवलं आहे. ओरिनचं टेबल रिकामं ठेवलं तर कुणीतरी येऊन बसेल.

आधी पाचघरीशी झटापट केली. दारू न घालता, नुसत्या पुंगळ्यांवर. तिसऱ्याच खेपेला तबकडी अर्ध्यावर अडली. दांडा मागे घेतला तर पुढचं घर निसटलं आणि मग कुठल्या घरात काय काम झालं आणि काय राहिलं हे मला काही केल्या सांगता येईना. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा. दुपारी रागाने तिच्यावर चादर टाकली. ओरिन हिच्यावर कसं काय काम करायचा देव जाणे. एकदा फेब्रुवारीत मी त्याला जेवायला हाक मारायला गेले होते तेव्हा तो दांडा हातात धरून तसाच उभा होता. "मी कुठे होतो?" असं विचारलं. मी म्हटलं, गॅरेजात, आणखी कुठे! दोघं हसलो होतो.

जुनी प्रेस मात्र भली आहे. एक ओढ, एक काम. तिचा लाकडी मुठीचा दांडा ओरिनच्या तळव्याने गुळगुळीत झाला आहे आणि खाली येताना जड होतो, जणू पलीकडून कुणी हळूच धरलंय. पन्नास पुंगळ्या झाल्या. तेवढा वेळ तो नाही हे आठवलं नाही. मग आठवलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

डेल्मर आला तेव्हा मी गवत कापत होते. मागे त्याने दारू भुरभुरली होती तिथे गवत घोट्याच्या वर गेलंय.

"आर्डिस, मॅरिटने इथून काही नेलं का गं? काडतुसं वगैरे?"

"का?"

"सहज."

"सहज कुणी एवढं घामाघूम होत नाही."

त्याने टोपी काढली. उजव्या गालाच्या हाडावरची ती खूण उन्हात पांढरी दिसते. गेल्या मोसमापासून आहे. काटेरी तार लागली म्हणून सांगितलं होतं त्याने. तारेने ओरखडा येतो, असा खड्डा पडत नाही. याची कुठलीच गोष्ट सरळ नाही.

"तिने डबा नेला असेल तर मला परत हवा आहे," तो म्हणाला. "बदल्यात मी तिला माझे तीन देतो. पाच देतो."

"एका डब्याला पाच? एवढं काय आहे त्यात?"

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ओढली.

"आणि वहीतली खाडाखोड? तीही सहजच का?"

"ती वही तू पाहिलीस?" त्याचा चेहराच उतरला. "मग तुला..." मला वाटलं, सापडला.

"चालू पड, डेल्मर."

"आर्डिस, ऐक—"

"तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस. आता चालू पड."

गेला. फाटक लावून गेला, हे लिहायला हवं. रागाने गेलेला माणूस फाटक लावत नाही, असं मागाहून मनात आलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

एका डब्याला पाच देणारा माणूस त्या डब्यात काय आहे ते जाणतो. तेव्हा आपणही पाहावं. फळीवर ओरिनचे हिवाळ्यातले आणखी दोन डबे होते, फेब्रुवारीतलेच. त्यातला एक उघडला.

भरलेलं काडतूस सोडवायला प्लास्टिकची हातोडी असते. तिच्या डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि लाकडी ओंडक्यावर आपटायची. गोळी आणि दारू आतल्या कप्प्यात सुटून येतात. मी एकेकाची दारू वेगवेगळ्या पांढऱ्या बशीत ओतली.

पहिल्या चार बशा सारख्या. करड्या बारीक काड्या, पेन्सिलीच्या टोकाचे तुकडे असावेत तशा. रायफलीची दारू अशीच असते. पाचव्या बशीत काड्यांमध्ये चपट्या चकत्या होत्या. सहावीत अर्ध्याहून जास्त चकत्या. सातवीत पुन्हा नुसत्या काड्या.

चकत्यांची दारू पिस्तुलाची. ती फार लवकर पेटते. पुस्तकात लाल चौकटीत छापलंय: दोन दारू कधी मिसळू नयेत, टेबलावर एका वेळी एकच बरणी असावी, मापट्यात उरलेली दारू ज्या बरणीतली त्याच बरणीत लगेच परत ओतावी. रायफलीत चकत्या गेल्या तर ती नेम धरणाऱ्याच्या तोंडाजवळच फुटते.

म्हणजे डेल्मरने ओरिनच्या दारूत दुसरी मिसळली. म्हणून बरण्या गवतावर ओतल्या, पुरावा गेला. म्हणून डबे हवेत. बशा तशाच ठेवून घरात आले.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेले नाही. एक बशी झाकून मांडीवर घेतली आणि गाडी सरळ डेल्मरच्या दारात उभी केली.

त्याने बशी पाहिली. ती काय हे विचारलंही नाही. जिन्याच्या पायरीवर बसला.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी."

"का?"

"चुकून. ओरिनला मदत करत होतो. बरणी चुकली माझी. तू मॅरिटला सांग, डेल्मरने घोळ केला, डबा टाकून दे. क्लबातही सांग. मी नाही म्हणणार नाही."

सगळं मी म्हणत होते तसंच. मला हवं होतं तेच. पण कचेरीची सवय जात नाही. दस्त हातात आला की आधी तारीख बघायची.

"फेब्रुवारीत?"

"हो, फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत तू ॲरिझोनात होतास. बहिणीकडे. नाताळानंतर गेलास तो एप्रिलमध्ये आलास. तुझी टपालपेटी मी रिकामी करत होते, डेल्मर."

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती जमीन आपल्याकडे ओढतात. हा दोष आपल्याकडे ओढत होता.

मग मीच विचारलं, "गाल?"

"गेल्या नोव्हेंबरात. ओरिनने भरलेलं. रायफलीचा मागचा दट्ट्या फुटून तुकडा उडाला. डोळा वाचला." गालावरून बोट फिरवत म्हणाला, "तो माझ्याशेजारीच होता. लहान मुलासारखा रडला. तुला सांगायचं नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. मग मी त्याची प्रत्येक नोंद तपासायला लागलो. पण हिवाळ्यात गुडघ्यामुळे गावी राहवेना. त्याने सांगितलं होतं, मी नसताना दांड्याला हात लावणार नाही."

"त्याला कळत होतं, आपलं काय होतंय ते?"

"अधूनमधून."

मी बशी घेऊन घरी आले. वाटेत दोनदा गाडी कडेला घेतली.

किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या होत्या. कुत्र्याला तो बारा वर्षांपूर्वी मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा. चर्चच्या वळणावर विचारायचा, डावीकडे ना? मी म्हणायचे, डोळे तपासून घे.

९ ऑक्टोबर, बुधवार

मॅरिटला फोन केला. सगळं सांगणार होते. तोंडातून दुसरंच आलं.

"तो डबा वापरू नकोस गं. जुना आहे."

"फेब्रुवारीतला जुना? आई, डेल्मर तुझ्या मागे लागलाय ना?"

"त्याचं काही नाही."

"तूच म्हणालीस त्याचा डोळा आहे म्हणून! बिचकू नकोस त्याला. मी बारा वर्षांची असल्यापासून बाबांनी भरलेलीच झाडतेय. एकोणीस तारखेला रेंजवर येते, तिथेच दोन उडवून नेम बसवते. बघू दे त्याला."

"मॅरिट, दारूत काहीतरी..."

"बाबांच्या दारूत?" ती हसली. तिच्या वडिलांसारखी, नाकातून. "ठेवते, पाळी आहे."

मी तो संशय स्वतःच्या हाताने तिच्यात भरला. आता तो बाहेर काढायला माझ्याकडे हातोडी नाही. एकच वाक्य आहे, आणि ते बोलले की ओरिन दुसऱ्यांदा जाईल.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तिला तीन वेळा फोन केला. दर वेळी हवेबद्दल बोलले.

पत्र लिहिलं. फाडलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मोसमाआधीचा शेवटचा शनिवार, सगळा क्लब रेंजवर असतो. मी जन्मात दोनदा तिथे गेले असेन, दोन्ही वेळा बटाट्याचं सॅलड घेऊन. आज रिकाम्या हाताने गेले. साडेनऊला पोचायचं ठरवलं होतं, पण खिंडीत बर्फ भुरभुरत होता. दहा वाजले.

मॅरिट चौथ्या टेबलावर बसली होती. रायफल वाळूच्या पिशव्यांवर, शेजारी ओरिनचा डबा, झाकण उघडं. डेल्मर तिच्यामागे चार हातांवर उभा होता. तो रेंजप्रमुख टक ऑसगुडला काहीतरी सांगत होता आणि टक म्हणत होता, "अरे बाबा, तिच्या बापाचा डबा आहे, तू कोण अडवणारा? एवढा कळवळा आहे तर स्वतःच्या रायफलीचा नेम बसव आधी. गेल्या वर्षी ओंडक्याला हरीण समजून मारलंस."

लोक हसले. मॅरिटने पहिलं काडतूस आत सरकवलं.

"थांब," मी म्हटलं. कुणाला ऐकूही गेलं नाही. कानांवर झाकणं होती सगळ्यांच्या.

मी रेषा ओलांडून पुढे गेले. सगळ्या टेबलांच्या पुढे, जिथे जिवंत माणसाने कधी जायचं नसतं तिथे. टक बोंबलला, "थांबा! सगळे थांबा! बंदुका उघडा!" मग मला, "आर्डिस! वेड लागलंय का तुला?"

सगळ्यांनी कानावरची झाकणं काढली. चौदा-पंधरा माणसं होती. मी मॅरिटकडे बघून बोलले, कारण बाकीच्यांकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"ते काढ बाहेर. ती दारू मिसळलेली आहे. डेल्मरने नाही. तुझ्या बाबांनी. त्यांचं डोकं चालत नव्हतं गं शेवटी. वर्षभर, दीड वर्ष. मला दिसत होतं आणि मी बघितलं नाही. डेल्मरबद्दल मी तुला सांगितलं ते सगळं चूक होतं."

मॅरिट पांढरी पडली. "आई, इथे? सगळ्यांसमोर?"

"फोनवर जमलं नाही."

तिने काडतूस बाहेर काढलं. डब्यात परत ठेवलं. झाकण लावलं, पण हात त्यावरच ठेवला. वाऱ्याने लक्ष्याचे कागद फडफडत होते तेवढाच आवाज.

मग टकने आपली नारिंगी बंडी काढली, कारण नसताना. आपल्या ट्रककडे गेला. परत आला तो हातात एक डबा घेऊन. मॅरिटच्या टेबलावर ठेवला. झाकणावर ओ. एल., बरोबरची खूण.

"मार्चमध्ये दिला होता मला," तो म्हणाला. "त्यातलं एक उडवलं तेव्हा बुडाची टिकली वितळून बाहेर आली. म्हटलं माझीच बंदूक बिघडली असेल. पुन्हा हात लावला नाही."

"मला का नाही सांगितलंस?" डेल्मरने विचारलं.

"काय सांगणार? ओरिनचा डबा वाईट निघाला म्हणून? तू सांगितलंस का मला?"



टोकाच्या टेबलावरचा म्हातारा उठून आपल्या ट्रककडे गेला. त्याच्यामागे आणखी एक. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बघता बघता मॅरिटच्या टेबलावर तिचा सोडून सात डबे झाले. कुणी म्हणालं माझी चुकीची पुंगळी असेल असं वाटलं, कुणी म्हणालं थंडीमुळे असेल असं वाटलं. सगळ्यांनी उडवणं बंद केलं होतं, टाकून मात्र एकानेही दिलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच तेवढं माहीत आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मॅरिटने रजा घेतली. तीन दिवस ती, मी आणि डेल्मर ओरिनच्या टेबलाभोवती बसून ती काडतुसं सोडवत होतो. तिचा डबा, सात डबे आणि डेल्मरने ऑगस्टमध्ये नेलेले दोन, जे त्याने उघडलेही नव्हते. फळीवरचे मी आधीच सोडवले होते. एकदा मॅरिट म्हणाली, "काका, तोंडावर मला शिव्या द्यायच्या होत्यात ना."

"दिल्या असत्या तर तू ऐकल्या असत्यास? तुझ्या आईने मला तीस वर्षांच्या जेवणाचा हिशेब ऐकवला."

"चुकले," मी म्हटलं.

"अगं, जेवण चांगलंच होतं."

एकशे एकोणनव्वद काडतुसं. त्यातली सतरा चकत्यांची. बाकीची अगदी बिनचूक, केसाचाही फरक नाही. मॅरिटच्या डब्यात चार होती. त्या चारांची दारू तिने वेगळी काढून बराच वेळ बशीत फिरवली आणि मग स्वतःच मागच्या गवतावर नेऊन टाकली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मोसमाचा पहिला दिवस. मॅरिट आणि डेल्मर पहाटे डोंगरात गेले, ओरिनची रायफल घेऊन. जाता जाता मॅरिट गावातल्या दुकानात थांबणार होती, काडतुसांचा डबा घ्यायला.

आमच्या घरातला पहिला विकतचा डबा.